चेसिस नंबर समोरच तर असतो!

नाही, पण मला एक सांगा, ज्या कोण्या शहाण्यानं मोटारीचा सगळ्यात महत्त्वाचा नंबर अशा जागी ठोकला की तो वाचायला माणसाला डोकं खाली अन् पाय दरवाजाबाहेर करावे लागतात, त्या माणसाला कधी म्हातारपण येणार नाही का? त्याची कंबर कधी धरणार नाही का? मी तर म्हणतो धरावी! चांगली धरावी! अन् तो पलंगावर पडल्या-पडल्या ओरडला ना, "अरे बाम कुठे आहे, बाम," की घरातल्या साऱ्यांनी एका सुरात सांगावं, "समोरच तर असतो!"

तुम्हाला सांगतो, हे वाक्य आता माझ्यासमोर कोणी उच्चारलं ना, तर माझं बीपी इथं... हे इथं, कानापर्यंत येते.

अहो, मी सारी नोकरी इथल्या सरकारी फॅक्टरीत काढली, स्टोअरमध्ये. तिथं स्टुलावर नंबर, बादलीवर नंबर, पंख्यावर नंबर, पांढऱ्या ऑइलपेंटनं, असा हातभर! आमच्या बडेबाबूंनी एकदा खुर्चीच्या पाठीवर कोट टाकला, तर ऑडिटवाल्यानं तो उचलायला लावला, नंबर झाकून राहिला म्हणून. सरकारी झाडू रस्त्याच्या पार तिकडून ओळखू यायचा. अन् ही एवढी मोठी मोटार, चार चाकं, पाच सीटा, काचा वर-खाली होतात, अन् स्वतःचा नंबर लपवून बसलेली! काहून? तिच्यावर काही वॉरंट निघालं आहे का?

बरं, गाडी माझी नाही. हे पहिले सांगतो, कारण साऱ्यांना वाटते की माझीच आहे, अन् मीच वेड्यासारखा तिच्या खाली घुसून राहिलो. गाडी माझ्या मोठ्या बहिणीची, बेबीताईची. म्हणजे तेव्हा ताईची नव्हती, तीच तर भानगड होती. गाडी होती भाऊजींच्या नावावर, अन् भाऊजी गेल्या वर्षी गेले. ताई मदन महल भागात राहते, आमच्या घराच्या मागच्याच गल्लीत, त्यामुळं तिकडे काहीही झालं की... "नीलकंठ!" गॅस संपला, "नीलकंठ!" मांजर आली, "नीलकंठ!" 

भाऊजी माणूस सोन्यासारखा. पण गाडीच्या बाबतीत, बाप्पा! रोज सकाळी फडकं, दर रविवारी पॉलिश. अन् ताईला स्टिअरिंगला बोट लावू दिलं नाही कधी. ताई आपली डाव्या सीटवर, पर्स मांडीवर, चूपचाप. तिनं कधी सीटखाली पाण्याची बाटली ठेवायला हात घातला की भाऊजी ओरडायचे, "अगं, तिथं वायरिंग आहे! करंट लागेल!" आम्हीही मानलं. इतका शिकलेला माणूस, उगाच सांगेल का?

तर भाऊजी गेले, गाडी झाकून ठेवली, अन् एक दिवस ताई म्हणते कशी, "नीलकंठ, मी गाडी शिकून राहिली." मी म्हटलं, काय? म्हणे, इथल्याच गोरखपुर मोहल्ल्यातल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव टाकलं. अहो, गुडघ्याला पट्टा लावते ही बाई! पण शिकली. तो मास्तर भल्या-भल्या पोरांना रडवायचा, ताईनं त्यालाच सरळ केलं. "बेटा, चिल्लाओ मत, मैंने तुमसे बड़े-बड़े को पढ़ाया है." शाळेत मास्तरीण होती ना! लायसन मिळालं, प्लास्टिकचं, चकचकीत. देवघरात ठेवून हळद-कुंकू वाहिलं त्याला.

आता गाडी नावावर करायची. अन् त्यासाठी पियूषची सही पाहिजे, की आईच्या नावावर झाली तर माझी काही हरकत नाही. पियूष, म्हणजे ताईचा एकुलता एक, बंगलोरला असते. माझा भाचा आहे, गुणी पोरगा आहे, पण मराठी बोलतो ना, तर असं वाटते की कोणी मागून ढकलून राहिलं आहे. त्यानं फोनवर पहिले तर हसून घेतलं. मग म्हणे, "मम्मी, तू गाडी क्या करेगी? मैंने एक पार्टी देख ली है, बेच देते हैं. तू कॅबनं जा ना. मामा आहे ना."

मामा आहे ना! म्हणजे मामा काय कॅब आहे?

ताई म्हणाली, "मला चालवायची आहे." हा म्हणे, "मम्मी, सच बोलूँ? तुला गाडीचा चेसिस नंबर पण नाही सापडणार, चलाना तो दूर. आरटीओवाले त्याचा प्रिंट मागतात. चलो, तू वो ढूँढ के दिखा दे, मैं साइन कर दूँगा."

"पक्का?"

"पक्का, मम्मी. प्रॉमिस."

अन् फोन ठेवून ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हाच समजलो. मी फक्त चहा प्यायला गेलो होतो हो!

तर आरटीओच्या बाहेर एक धनेश नावाचा एजंट बसते, छत्री, टेबल, टेबलावर गोंद. त्याला विचारलं, तर म्हणे, "कुछ नहीं अंकल, चेसिस का प्रिंट ले आओ बस. नंबर पे कागज रखो, ऊपर से पेन्सिल घिसो, छप जाएगा." जसं लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून करायचो ना, तसं. मी म्हटलं, हौ, पण तो नंबर असते कुठे? तर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी विचारलं की नर्मदा कुठे आहे. "अरे अंकल! सामने ही तो रहता है!"

"कशाच्या सामने?"

"गाड़ी के!"

झालं. तिथून सुरू झालं पहा.

आलो ताईच्या घरी. बॉनेट उघडायचं तर खटका सापडेना. एक ओढला, मागची डिकी उघडली. दुसरा ओढला, पेट्रोलचं झाकण उघडलं. मग ताईनं शांतपणे येऊन तिसरा ओढला अन् बॉनेट उघडून दिलं, वर म्हणते, "मास्तरनं पहिल्याच दिवशी दाखवलं होतं." अगं मग आधी बोलायचं ना!

आत पाहतो तर नंबरच नंबर! बॅटरीवर नंबर, नळीवर नंबर, डब्यावर नंबर, झाकणावर नंबर... कोणता खरा? मी बोलावलं विक्कीला. विक्की, म्हणजे गोरखपुरचा मेकॅनिक, भाऊजींचा लाडका. कानात इअरफोन. आला, वाकला पण नाही, नुसतं बोट दाखवलं. "ये रहा अंकल. सामने ही तो है!" मी म्हटलं, नक्की? म्हणे, "अंकल, आँख बंद करके बता दूँ." अन् मला वाटते बंद करूनच सांगितलं त्यानं! कारण मी तो नंबर घासला, एक हात रेडिएटरवर, एक गुडघा बंपरवर, कागद काळा, बोटं काळी, नाक खाजवलं म्हणून नाक काळं, अन् तसाच नाचत गेलो धनेशकडे... धनेशनं कागद उन्हात धरला, उलटा केला, सुलटा केला. म्हणे, "अंकल, ये तो पंखे की मोटर का नंबर है."

पंख्याची मोटर! माझ्या घरात पंखे नाहीत का? त्यासाठी मी आरटीओला येऊ?

घरी आलो तर आमच्या हिनं, मनीषानं, मोबाइलवर व्हिडिओ शोधून ठेवलेला. "हे पहा, किती सोपं आहे. हा गोरा माणूस काचेतून बोट दाखवून राहिला, समोरच तर असतो!" पाहिलं तर खरंच, तो गोरा आपला समोरच्या काचेच्या कोपऱ्यात वाकते अन् नंबर वाचते, वाचून वर हसते. त्याच्या बापाचं काय जाते हसायला? त्याची गाडी तिकडची! आमच्या गाडीच्या काचेच्या कोपऱ्यात भाऊजींनी चिकटवलेला गणपती, त्याच्या बाजूला 'शुभ लाभ', त्याच्या बाजूला प्रदूषणाचं स्टिकर. तरी मी ताईकडे जाऊन, बॉनेटवर पोट टेकवून, काचेला डोळा लावून, गणपतीच्या कानामागून आत पाहून राहिलो... तेवढ्यात ताईच्या समोरच्या घरातले रेल्वेवाले साहेब फाटकात आले.

"क्या ढूँढ रहे हो, भाईसाहब?"

मी म्हटलं, "गाड़ी का नंबर."

ते गाडीच्या पुढे आले. नंबरप्लेटकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग अगदी हळू, प्रेमानं, जसं दवाखान्यात बोलतात ना तसं, म्हणाले, "भाईसाहब... सामने ही तो लिखा है."

तुम्हीच सांगा, काय करावं माणसानं? हसावं? रडावं? त्यांना समजावून सांगायला गेलो की एक नंबर प्लेटवरचा असते अन् एक अंगावर कोरलेला असते, सतरा अक्षरांचा, तर ते मान हलवत, "हाँ हाँ, आप आराम करो," म्हणत गेले. अन् संध्याकाळी त्यांच्या घरून आमच्याकडे कैरीचं पन्हं आलं! ऊन लागलं असेल म्हणून!

मग कोणी म्हणालं, दरवाजा उघडा, खांबावर छोटी पट्टी असते, तिच्यावर लिहिलेला असतो. हौ, होती ना पट्टी! पण कोरी! पांढरी सपाट! एक अक्षर नाही. काहून? कारण दर रविवारी पॉलिश! भाऊजींनी घासून-घासून नंबरच पुसून टाकला, अन् पट्टी मात्र अशी चमकून राहिली की तिच्यात मला माझं काळं नाक दिसलं.

तिकडे पियूष रोज फोन. "मामा, मिला क्या?" अन् मागून त्याचे मित्र हसून राहिले. "मामा, सामने ही तो रहता है!" अबे, तू तिकडे बंगलोरला बसून मला सामने सांगते? ये इकडे! झोप माझ्याबरोबर गाडीखाली!

मी ताईला म्हटलं, जाऊ दे ना ताई. खरंच म्हटलं. माझी कंबर गेली होती, मनीषा माझ्याशी बोलायची बंद झाली होती कारण मी बेडशीटला ग्रीस लावलं होतं. मी म्हटलं, विकून टाक, मी आहे ना, मी नेईन तुला ऑटोनं जिथं म्हणशील तिथं. 

ताई उठली. गाडीचं डावं दार उघडलं अन् आपल्या सीटवर बसली, तशीच, पर्स मांडीवर ठेवल्यासारखे हात करून. मग म्हणाली, "नीलकंठ, मी सारी जिंदगी इथं बसली. इथून डावीकडे काय चाललं ते दिसते. उजवीकडे हे दिसायचे. समोरचा रस्ता यांचा होता. मला फक्त एकदा तिकडे बसून जायचं आहे, कोणाला न विचारता, इतकंच." 

 मी नाक पुसलं. अजून काळं झालं.

अन् मग तीच एकदम म्हणते, "गाडीत सारीकडे पाहिलं ना आपण?" हौ. "मग या सीटखाली काहून नाही पाहिलं?" 

मी म्हटलं, "ताई, करंट..."

तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली ना, मला पाचवीतलं गणित आठवलं. "काढ ती सीट."

विक्कीनं पाने आणले, बोल्ट जाम, तेल टाकलं, ठोकलं, ओढलं, शेवटी सीट निघाली एकदाची, अन् आम्ही ती अंगणात तुळशीजवळ ठेवली. खाली पाहतो तर वायर? एक नाही! नुसता जाड रबरी मॅट, तीन बाजूंनी चिकटवलेला, दाराकडून हात जाईल इतका मोकळा. ताई घरात गेली, भाजीचा चाकू घेऊन आली, अन् मॅट असा फाडला जसा फणस फाडतात.

अन् खालून काय निघालं माहीत आहे? 

खर्र्याच्या पन्न्या! सुपारी-तंबाखूचा खर्रा असते ना आपला नागपूरकडचा, त्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या पन्न्या! चपट्या झालेल्या, घड्या घातलेल्या, एकीवर एक, थरावर थर! भाऊजींनी खर्रा सोडला होता हो! ग्वारीघाटावर नर्मदेच्या पाण्यात उभे राहून, ताईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती! ताईनं साऱ्या नातेवाइकांना पेढे वाटले होते! अमरावतीपर्यंत पाठवले होते! अन् हा सोन्यासारखा माणूस रोज सकाळी फडकं घेऊन गाडी पुसायला यायचा ना... ते फडकं निमित्त होतं!

विक्की पाहा कसा एकदम आभाळाकडे पाहून राहिला. आणून कोण देत असेल, सांगायला नको.

मला वाटलं, ताई आता रडेल. ती अंगणात त्या सीटवर जाऊन बसली, हातात एक पन्नी.  मग म्हणाली, "म्हणजे मी याच्यावरच बसली होती." अन् तिचे खांदे हलायला लागले, मी घाबरलो, ओरडलो, पाणी आणा, पाणी... तर ती हसून राहिली होती! हसता-हसता डोळ्यांतून पाणी, अन् डोळ्यांतून पाणी येता-येता पुन्हा हसू, म्हणे, "मला करंट लागेल म्हणायचा रे! मेल्या, करंट!" भाऊजींना अरे-तुरे करताना मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मग पदरानं तोंड पुसून उठली अन् म्हणते, "गाडी आता माझ्याच नावावर होणार. आता तर होणारच."

अन् नंबर तिथंच होता. पन्न्यांच्या खाली. पत्र्यात कोरलेला, गंजानं भरलेला. मी उलटा झालो, डोकं गाडीत, पाय अंगणात, घासलेट अन् जुना टूथब्रश घेऊन एक-एक अक्षर धुतलं, वरून ताई, "नीट घास, कोपऱ्यात घास," विक्की टॉर्च धरून नेमका माझ्या डोळ्यावर मारून राहिला, फाटकातून रेल्वेवाले साहेब, "भाईसाहब, अब क्या हुआ?"... पण उमटला! कागदावर काळ्यावर पांढरा, सतराच्या सतरा, स्पष्ट!

ताईनं पियूषला व्हिडिओवर फोन लावला. कागद दाखवला. तो म्हणे, "अरे वाह मम्मी! कहाँ था?" ताईनं कागद बाजूला केला अन् पन्नी दाखवली.  मित्र-बित्र कोणी हसेना. मग हा हळूच म्हणतो, "मम्मी... पापाने मना किया था बताने को."

यालाही माहीत होतं! ताई काही ओरडली नाही, अजिबात नाही. इतकंच म्हणाली, "बेटा, सही कुरियरनं पाठव." सही आली की हो! अन् सोबत बंगलोरची साडी.

मग गेलो आरटीओला, गाडी घेऊन. ताई चालवून राहिली. मी मागच्या सीटवर, कारण पुढची अजून तुळशीपाशी, बोल्ट कुठे गेले ते विक्कीलाच माहीत. तिथला साहेब बाहेर आला, भला माणूस होता, म्हणे, नंबर जरा गाडीत जुळवून पाहू.  म्हटलं आता हा शोधेल, याचीही कंबर जाईल, मला म्हणेल तुम्ही झोपा... त्यानं डावं दार उघडलं. सीट नाही, मॅट नाही, मोकळा पत्रा, मधोमध नंबर, धुतलेला, चकचकीत. कागदाशी जुळवला, सही ठोकली, अन् माझ्याकडे वळून, हसून म्हणते...

नाही, मी नाही बोलत ते वाक्य. तुम्हीच बोला.

मी त्या साहेबाला काय सांगणार? की बाबा, हे समोर आणायला काय-काय उपटावं लागलं? ताई खुश होती, म्हणून मीही हसलो. गाडी नावावर झाली. तिचं नाव छापून आलं, पूर्ण नाव, कागदावर पाहिलं अन् तिनं ते दोनदा मोठ्यानं वाचलं. मलाही बरं वाटलं, खोटं काहून बोलू?

संध्याकाळी म्हणे, "चल नीलकंठ, कमानिया गेटला जाऊ, खव्याची जलेबी खाऊ, मी नेते तुला." मीही ऐटीत निघालो, म्हटलं आता बहीण गाडी चालवेल अन् भाऊ आरामात बसेल. अहो, गर्दी सुरू झाली अन् ताईनं गाडी थांबवली. "नीलकंठ, जरा उतर ना, पुढे ती हातगाडी आहे, जागा आहे का पाहा." उतरलो. "हौ, ये." पुढे ऑटो. "तो ऑटो पण पाहा." पाहिला. पुढे गाय, पुढे स्कूटर, पुढे बांगडीवाला... मी पुढे-पुढे, "आने दो, आने दो," ताई मागे-मागे, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, चेहऱ्यावर असा आनंद की कोणाला रागावताही येत नाही. सारा बाजार पाहून राहिला. जाताना पायी, येताना पायी.

आता ताईचा फोन आला, "चल नीलकंठ, गाडीतून फिरून येऊ," की मी चालायचे बूट घालतो.